बंद खोलीतलं नाटक: आधी दार, मग आवाज आणि उजेड, नेपथ्य सगळ्यात शेवटी

स्पर्धेच्या हंगामात अशी एक तरी एकांकिका बघायला मिळतेच. एक खोली, चार माणसं, दार बंद. मागे काळे पडदे. तिसरी घंटा होते, लाल उजेड येतो आणि कीबोर्डवरचा एकच सूर घूं करत सुरू होतो, तो शेवटच्या ब्लॅकआउटपर्यंत थांबत नाही. पाचव्या मिनिटाला प्रेक्षक खुर्चीत सरकून बसतो, दहाव्या मिनिटाला मोबाइल चाचपतो. प्रयोगानंतर चहाच्या टपरीवर मंडळी म्हणतात, ‘घुसमट पोचली नाही.’ आणि पुढच्या प्रयोगाला आणखी एक लाल दिवा वाढतो.

यात प्रकाशयोजनाकाराचा दोष फार कमी असतो. बहुतेक गट काम उलट्या टोकाकडून सुरू करतात. आधी नेपथ्याचं चित्र काढतात, मग दिवे आणि संगीत ठरवतात, आणि ज्या खोलीत प्रयोग व्हायचा ती प्रयोगाच्या दिवशी दुपारी पहिल्यांदा बघतात. बंदिस्त जागेचं नाटक असं बसत नाही. त्याचा क्रम असा: संहिता, हॉल, प्रेक्षकांची बैठक, दार, आवाज, उजेड, आणि उरलंच तर नेपथ्य. पुढे याच क्रमानं लिहिलं आहे. डोळ्यांसमोर शाळेचा, सोसायटीचा किंवा वाचनालयाचा तीस फूट बाय वीस फुटांचा हॉल आणि पन्नासेक प्रेक्षक धरले आहेत. ‘आमच्याकडे थिएटर नाही’ ही सबब ऐकून घेणार नाही. दादरच्या छबिलदासमध्ये १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेनं प्रायोगिक नाटकं केली, तोही शाळेचाच हॉल होता.

टप्पा १: संहितेतली खोली शोधा

वाचनाच्या तालमी सुरू होण्याआधी एक वही करा. मी तिला दाराची वही म्हणतो. दिग्दर्शकानं संहिता फक्त दारासाठी एकदा वाचायची. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, दार उघडं राहिलं की बंद, कडी कोणी लावली, बाहेरून काय ऐकू आलं, एवढंच पानापानानं टिपायचं. संवादांचा अर्थ, पात्रांचा भूतकाळ वगैरे नंतर बघू.

वही भरली की एकच प्रश्न विचारा: ही माणसं बाहेर का जात नाहीत? उत्तर दोन तऱ्हेचं असतं. एक, जाऊ शकत नाहीत. दोन, जाऊ शकतात पण जात नाहीत. दोन्हींचं वातावरण वेगळं असतं, आणि गट सगळ्यात जास्त गल्लत इथेच करतात.

पहिल्या तऱ्हेत दार ही वस्तू असते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये कडीचं काय होतं ते बघा. गावातला एक हॉल, मुंबईहून प्रयोगाला आलेली मंडळी. त्यांच्यातली बेणारे पहिल्यांदा येते तीच दाराच्या कडीत बोट चेमटून घेऊन. गावातला सामंत तिला कडीची खोड सांगतो: नीट सरकवली नाही, तर दार ओढताच बाहेरून बंद होऊन बसतं. प्रेक्षक हसतो आणि विसरतो. पुढे तिला खरोखर निघून जायचं असतं, तेव्हा तीच कडी तिला बाहेर पडू देत नाही. शेवटी दार उघडतं ते बाहेरून, प्रयोग बघायला जमलेल्या लोकांच्या हातून. यात कुठे लाल उजेड नाही की घूं करणारा सूर नाही. एक नादुरुस्त कडी आहे, आणि ती वेळेआधी, हसतखेळत दाखवून ठेवलेली आहे.

दुसऱ्या तऱ्हेचं ठळक उदाहरण म्हणजे फ्रेंच लेखक सार्त्रचं ‘नो एग्झिट’, १९४४ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा झालेलं. तीन माणसं एका खोलीत कोंडलेली. दारावर धडका मारून मारून एकदा ते खरंच उघडतं आणि कोणीच बाहेर जात नाही. इथे कुलूप माणसांच्या आत आहे. अशा नाटकात दाराला भलंमोठं कुलूप लावलंत, जाड साखळ्या लटकवल्यात, तर नाटक तुमच्याच हातानं मारलंत. उलट ते दार जितकं साधं, जितकं सहज उघडण्यासारखं दिसेल, तितकं न जाणं अंगावर येईल.

तपासा: वहीतल्या नोंदींवरून तुमची संहिता कुठल्या तऱ्हेची आहे, हे एका वाक्यात सगळ्या गटाला सांगता येतं का? येत नसेल तर पुढचा टप्पा उघडू नका.

कडीसारखी खूण संहितेत नसेल, तर दाराची एक खोड पहिल्या तीन-चार मिनिटांत दाखवता येते. दार फरशीला घासतं, फुगलेलं आहे, बाहेरून कोणीतरी ढकलावं लागतं. लेखक तुमच्यातलाच असेल तर त्याच्याकडून दोन ओळी मागून घ्या. नसेल तर नुसती कृती पुरते, लेखकाच्या ओळींना हात लावू नका.

टप्पा २: हॉलमध्ये एकट्यानं जाऊन बसा

हॉल बघायला गटाला घेऊन जाऊ नका. दहा जण गेले की सेल्फी होतात, खोली दिसत नाही. दिग्दर्शकानं एकट्यानं, प्रयोगाच्याच वेळी जावं. संध्याकाळी सातचा प्रयोग असेल तर सकाळी अकराला बघितलेला हॉल हा वेगळाच हॉल असतो. सोबत मोजपट्टी, बॅटरी, टेस्टर, खडू आणि वही.

पहिली वीस मिनिटं काहीच मोजायचं नाही. दिवे आणि पंखे बंद करून मधोमध बसायचं आणि ऐकू येईल ते लिहायचं. शेजारच्या घरातला मिक्सर, लिफ्टचं दार, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, आरतीचा लाउडस्पीकर, लोकल. हे आवाज तुमच्या नाटकात येणारच आहेत. कुठले बंद करता येतील, कुठले सोसावे लागतील आणि कुठले चक्क वापरता येतील, असे तीन रकाने करा. आम्ही एकदा एका हॉलात प्रयोग केला, तिथे दर काही मिनिटांनी पाइपमधून पाणी उतरल्याचा आवाज यायचा. आधी वैतागलो. मग एका पात्राला त्या आवाजाकडे नुसतं बघायला लावलं. प्रेक्षकांना तो आवाज आम्हीच केलाय असं वाटलं, आणि आम्ही तसं वाटू दिलं.

नंतर टाळीची परीक्षा. मधोमध उभं राहून एकच कोरडी टाळी वाजवा. नुसती ‘टप्’ ऐकू आली तर खोली कोरडी आहे. शेपूट लांबली तर घुमणारी आहे. ‘टर्रर्र’ असा फडफडता आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. कोपऱ्यात जाऊन पुन्हा वाजवा, फरक लिहून ठेवा.

आता थोडा हिशेब, कारण इथे फसगत ठरलेली असते. खोली किती सेकंद घुमते त्याचं सॅबिनचं सूत्र सोपं आहे: घनमीटरमधल्या आकारमानाला ०.१६१ नं गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणानं (भिंती, फरशी, माणसं मिळून किती आवाज पितात ते, चौरस मीटरमध्ये) भागायचं. तीस बाय वीस फूट आणि अकरा फूट उंचीचा हॉल म्हणजे साधारण १८६ घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून २१३ चौरस मीटर. गिलावा आणि लादी आवाज जेमतेम तीन टक्के पितात, म्हणजे शोषण ६.४. उत्तर साडेचार सेकंदांच्या वर जातं. रिकाम्या हॉलातल्या तालमीत वाक्याचा शेवट पुढच्या वाक्यात मिसळतो तो यामुळे. आता पन्नास माणसं बसवा. माणशी अर्ध्या चौरस मीटरच्या किंचित खाली शोषण धरलं, तर बेरीज २९ च्या आसपास जाते आणि घुमणं एका सेकंदावर येतं. म्हणजे प्रेक्षक आल्यावर तुमची खोली आवाजापुरती पूर्ण बदलते. रिकाम्या हॉलात घुमतो म्हणून नटांना सावकाश, तोडून तोडून बोलायला शिकवलंत, तर प्रयोगात तेच शाळेच्या वक्तृत्वासारखं ऐकू येईल.

नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, झरोके लहान असावेत, आत वारा खेळू नये म्हणजे आवाज गंभीर राहतो, असं सांगून ठेवलंय. मंडप फार मोठा केला तर शब्द अस्पष्ट होतात, हेही तिथेच आहे. हॉल निवडताना आपण पार्किंग आणि भाडं बघतो. बघावंच लागतं, पण टाळीही वाजवून बघावी.

थांबा: फडफड घालवायला भिंतीला चिकटवून ताणलेला पातळ काळा पडदा जवळजवळ निरुपयोगी असतो. जाड कापड, भरपूर चुण्या आणि भिंतीपासून वीतभर अंतर हवं. दोनपैकी एकाच भिंतीला लावलं तरी चालतं. कापड नसेल तर घरोघरच्या गोधड्या गोळा करा. सगळ्या भिंती मात्र झाकू नका. खोली मेल्यासारखी होते आणि नट ओरडायला लागतात.

टप्पा ३: प्रेक्षक आधी बसवा, रंगमंच नंतर

हॉलात स्टेज बांधलेला असला की गट डोळे मिटून त्यावर चढतो. बंद खोलीच्या नाटकाला ते बहुधा मारक ठरतं. स्टेजवरची खोली ही प्रेक्षकांनी लांबून बघितलेली खोली असते, आणि तुम्हाला त्यांना आत घ्यायचं आहे. स्टेज सामान ठेवायला वापरा आणि खाली या.

फरशीवर खडूनं १४ बाय १२ फुटांचा चौकोन आखा. तीनचार माणसांच्या नाटकाला एवढं पुरतं. १० बाय १० केलंत तर आणखी चांगलं, पण मग झटापटीचे प्रसंग फार काळजीनं बसवावे लागतात. उरलेल्या जागेत बैठक तीन प्रकारे होते. एका बाजूला सगळे. दोन समोरासमोरच्या बाजूंना निम्मेनिम्मे. तीन बाजूंना. माझा कल दुसऱ्या प्रकाराकडे. समोरच्या रांगेतले चेहरे दिसत राहतात, त्यामुळे प्रेक्षकाला आपणही बघितले जातोय ही जाणीव सुटत नाही. चौकशी, आरोप, कुटुंबातली उलटतपासणी असलं काही असेल तर ही बैठक निम्मं काम करून टाकते. हळव्या, आतल्या आवाजाच्या नाटकाला मात्र ती त्रासदायक. तिथे एकाच बाजूला बसवा.

रांगा कशा? पहिली रांग सतरंजीवर, दुसरी बुटक्या बाकांवर, तिसरी खुर्च्यांवर, चौथी हवीच असेल तर आठदहा इंच उंच फळ्यांवर. सगळे एका पातळीवर खुर्च्यांवर बसले, तर नट जमिनीवर बसला की तिसऱ्या रांगेला तो दिसत नाही. बंद खोलीच्या नाटकांत नट जमिनीवर फार बसतात, का कोण जाणे.

तपासा: प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांना स्वतः बसा. चौकोनाच्या मध्यावर एकाला आडवं झोपवा. त्याचा चेहरा दिसत नाही अशा प्रत्येक जागेवर खडूनं फुली मारा. फुल्या दहांहून जास्त झाल्या तर बैठक बदला, झोपण्याचा प्रसंग नव्हे.

आता या लेखातला एकमेव भाग जिथे मतभेदाला जागा नाही. बंद खोलीचा भास द्यायचा आहे, खोली बंद करायची नाही. प्रेक्षकांना बाहेर पडायच्या दोन वाटा उघड्या हव्यात. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी असतील तर उत्तम. कुलूप, कडी, खिळा काहीही नको. दाराशी आपला एक माणूस प्रयोगभर बसलेला हवा आणि त्याच्या हातात बॅटरी हवी. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली. बाल्कनीतल्या वाटा वाढीव खुर्च्यांनी अडवल्या होत्या आणि लोकांना धुरातून बाहेर पडता आलं नाही. ‘अजून दहा जण उभे आहेत, मधल्या वाटेत खुर्च्या टाकू’ असं कोणी म्हणालं की हे आठवा आणि त्या दहा जणांना पुढच्या प्रयोगाची तिकिटं द्या. नेपथ्यात जिवंत ज्योत, कापराचा धूर वगैरे छोट्या हॉलात नकोच.

टप्पा ४: दार बसवा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या.

पहिला निर्णय: प्रेक्षक कुठल्या दारानं येणार? पात्रं ज्या दारानं येणार त्याच दारानं प्रेक्षकांना आत घ्या, असा माझा आग्रह असतो. दार जड आहे, उंबरा आहे, कडी गार आहे हे त्यांच्या हाताला आणि पायाला कळलेलं असतं. नंतर नट त्या दाराशी झगडतो तेव्हा ते त्यांना पटवून द्यावं लागत नाही. हे खरं दार सुटकेच्या दोन वाटांपैकी एक असेल, तर त्याची कडी नटानं लावल्याचा नुसता अभिनय करायचा. कडीचा खटका बाहेर बसलेला माणूस वाजवेल.

दुसरा निर्णय: खरं दार नसेल तर काय? प्लायचं दार चौकटीसकट उभं करणं खर्चिक असतं, आणि ते हललं की सगळी भिंत हलते. अशी लटपटती भिंत बघून प्रेक्षकाचा विश्वास जो उडतो तो परत येत नाही. त्यापेक्षा दार दाखवूच नका. प्रेक्षकांच्या पाठीमागे दार आहे असं ठरवा. पात्रं बोलता बोलता प्रेक्षकांच्या डोक्यावरून मागे बघतात, तिकडून कडीचा आवाज येतो आणि प्रेक्षकाच्या मानेवर काटा येतो. न दिसणारं दार फुकट मिळतं आणि कधी हलत नाही.

तिसरं, दाराचे आवाज ठरवा. कडी, बिजागरी, दार आपटणं, कोणीतरी नुसतं बाहेर उभं असणं. यातला प्रत्येक आवाज नाटकात किती वेळा येणार ते दाराच्या वहीत आकड्यानं लिहा. दार आपटण्याचा आवाज दोनदाच ठेवा. चारदा आपटलं की ते शेजारच्यांचं भांडण वाटतं.

टप्पा ५: आधी शांतता, मग आवाज

पार्श्वसंगीताशिवाय एक संपूर्ण रनथ्रू, म्हणजे न थांबता सलग तालीम, करा. एकही सूर नाही. संगीतकार मित्राला बोलवा आणि काही न वाजवता बसायला सांगा. रागावेल, पण बसेल. नाटक जिथे संगीताशिवाय उभं राहतं तिथे संगीत घालायचं नाही. माझ्या अनुभवात असे रनथ्रू झाल्यावर यादीतले निम्म्याहून जास्त तुकडे आपोआप गळतात.

सतत वाजणाऱ्या सुराची अडचण अशी की कान त्याची सवय करून घेतो. पाचसात मिनिटांनी तो ऐकूच येत नाही, फक्त संवाद त्याच्यावरून रेटावे लागतात. घुसमट हवी असेल तर उलट करा. पहिल्या मिनिटापासून एखादा बारीकसा आवाज चालू ठेवा: पंखा, जुना फ्रिज, घड्याळ. प्रेक्षक तो विसरला की नेमक्या जागी बंद करा. अशा अचानक पडलेल्या शांततेत लोक श्वास धरतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. हॉलचा स्वतःचा पंखा यासाठी वापरता येतो. बटण दाराशी बसलेल्या माणसाकडे द्या आणि इशारा पक्का करा.

स्पीकर कुठे ठेवायचा? खोलीत तर नाहीच. बाहेरचा पाऊस, रस्ता, जिन्यावरची पावलं हे आवाज खरोखर बाहेरून आले पाहिजेत, म्हणजे स्पीकर दाराबाहेर किंवा खिडकीबाहेर, दार ओढून घेतलेलं. भिंतीतून येताना तीक्ष्ण सूर गळतात, जाड सूर तेवढे आत येतात. ही गाळणी कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा खरी. पावलं तर रेकॉर्ड करूच नका. एका माणसाला बूट घालून जिना चढायला लावा.

तपासा: डोळ्यांवर रुमाल बांधून नाटकाची पहिली दहा मिनिटं ऐका. खोली केवढी आहे, दार कुठे आहे, बाहेर काय आहे, एवढं कळलं तर आवाजाचं काम झालं.

टप्पा ६: उजेड

डोळ्यांना अंधाराला सरावायला वेळ लागतो. पहिला सराव आठदहा मिनिटांत होतो, पुरता व्हायला अर्धा तास. ट्यूबलाइटच्या लख्ख हॉलात बसलेल्या प्रेक्षकाला एकदम मंद खोली दाखवलीत, तर त्याला वातावरण दिसत नाही, काहीच दिसत नाही. म्हणून प्रेक्षक आत येतानाच हॉलमध्ये दोनच पिवळे दिवे ठेवा, पंधरावीस मिनिटं. त्यावर सुरुवातीचा मंद उजेडही पुरेसा वाटतो.

दिवे कमी ठेवा. खोलीचं नाटक खोलीतल्या दिसणाऱ्या दिव्यांनी उजळावं: टेबलावरचा दिवा, लोंबता बल्ब, खिडकीतून येणारा एक कवडसा. लोंबत्या बल्बचा मोह सगळ्यांना होतो. त्याच्या थेट खाली उभ्या नटाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि भाव दिसत नाहीत. बल्ब नटांच्या जरा पुढे घ्या, टेबलावर पांढरं कापड किंवा कागद पसरा. खालून परतलेला उजेड चेहरा भरून काढतो. आणि लक्षात ठेवा, दिव्यापासूनचं अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. मोठ्या नाट्यगृहात नट एक पाऊल पुढे आला तर फरक दिसत नाही. इथे टेबलावर वाकला की चेहरा पांढराफटक पडतो. हालचाली दिव्याखालीच बसवाव्या लागतात त्या यासाठी.

लाल उजेडाबद्दल एवढंच सांगतो: नको.

थांबा: हॉलातल्या पाच अँपिअरच्या साध्या सॉकेटवर साडेअकराशे वॉटच्या वर भार घालू नका. हजार वॉटचा एक हॅलोजन लावला की तो सॉकेट संपला. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर तीन हॅलोजन आणि साउंड लावून ऐन प्रसंगात फ्यूज उडवलेले गट प्रत्येक शहरात आहेत. एलईडी पार (रंगमंचावरचे झोतदिवे) वापरा. गरमही कमी होतात.

गरम होण्यावरून: बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता टाकतो. पन्नास माणसं म्हणजे हजार वॉटचे पाच हीटर. खिडक्या काळ्या कापडानं बंद केल्यात की अर्ध्या तासात लोक तिकिटानं वारा घ्यायला लागतात. प्रेक्षक गुदमरला की त्याचं लक्ष पात्रांच्या घुसमटीवरून स्वतःच्या घामावर जातं. उकाड्यानं नाटकाला मदत होते ही समजूत मी दिग्दर्शकांकडूनच ऐकली आहे, प्रेक्षकांकडून एकदाही नाही. वरच्या झरोक्यांना कापड लावताना खालून वीतभर फट सोडा. उजेड अडतो, हवा येते. प्रयोग सव्वा तासाच्या वर असेल तर मध्यंतर घ्या आणि दारंखिडक्या सताड उघडा.

टप्पा ७: उरलेलं नेपथ्य

इथवर आलात की बहुतेक गोष्टी लागत नाहीत असं दिसेल. हॉलच्या भिंतीच भिंती आहेत. पोपडे आले असतील तर छान. तुम्हाला लागेल ते नट ज्याला हात लावतात तेवढंच.

सामानाचा एक उपयोग मात्र करून घ्या: वाटा अरुंद करा. टेबल आणि भिंत यांमध्ये दीड फूट ठेवलं, तर दोन पात्रांना एकमेकांना चाटून जावं लागतं. न बोलणारे दोघे भाऊ दर वेळी त्या फटीतून अंग चोरून जातात, हे दिसलं की संवादांचं एक पान वाचतं. प्रत्येक प्रवेशात सामान दोनदोन इंच आत सरकवत नेण्याची युक्तीही चालते. प्रेक्षकाला कळत नाही, पण खोली आवळत जाते. त्यासाठी फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा आधीच करून ठेवा आणि कुठल्या प्रवेशाला कुठला रंग ते बॅकस्टेजच्या भिंतीवर लिहा. नाहीतर दुसऱ्या प्रयोगाला टेबल मधल्या वाटेत पोचतं. आमचं पोचलं होतं.

हाच प्रयोग मोठ्या नाट्यगृहात न्यायचा असेल तर

स्पर्धेसाठी हे करावं लागतंच. छोट्या खोलीचं नाटक मोठ्या रंगमंचावर पसरवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पसरवू नका, आक्रसा. चौकोन तेवढाच ठेवा, १४ बाय १२. तो रंगमंचाच्या पुढच्या भागात आणा आणि मागचा काळा पडदा चौकोनाच्या लगेच मागे ओढा. बाकीच्या रंगमंचावर अजिबात उजेड सांडू देऊ नका. अंधारानं वेढलेला लहान तुकडा खोलीसारखा दिसतो. विंगेपासून विंगेपर्यंत उजळलेली खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते.

बाल्कनीतल्या प्रेक्षकाला मागची भिंत दिसत नाही, फरशी दिसते. त्याच्यासाठी फरशी हीच भिंत. म्हणून चौकोनाच्या कडा फरशीवर स्पष्ट हव्यात: जुनी सतरंजी, लाद्यांचे पट्टे, काहीही. आणि नट कधीही ती कड ओलांडणार नाही. एकदा ओलांडली की खोली मोडली.

टप्पा ८: तालमी आणि प्रयोगाचा दिवस

तालमीची जागा कितीही मोठी असली तरी पहिल्या दिवसापासून खडूच्या चौकोनातच तालीम करा. चौकोनाबाहेर पाय पडला की प्रसंग पहिल्यापासून. आठवडाभरात नटांची शरीरं आपोआप आवळतात, हातवारे कमी होतात. ही सवय शेवटच्या दोन दिवसांत लागत नाही.

शेवटच्या तीन तालमी प्रत्यक्ष हॉलात, प्रयोगाच्या वेळी. त्यातली एक तरी तीसचाळीस माणसं बसवून करा. मित्र, शेजारी, कोणीही. वर केलेला हिशेब आठवा: माणसांशिवाय तुम्हाला तुमच्या खोलीचा खरा आवाज ऐकताच येत नाही.

प्रयोगाच्या दिवशीचा क्रम असा ठेवा. चार तास आधी बैठक आणि खुणा. तीन तास आधी दिवे. दोन तास आधी दाराची तालीम: फक्त प्रवेश, निर्गमन, कडी आणि बाहेरचे आवाज, संवाद नाहीत. तासभर आधी नटांनी हॉलात गप्प बसून राहायचं, पंधरा मिनिटं. अर्धा तास आधी खिडक्या उघडून हवा खेळवायची, मग पुन्हा झाकायच्या. वीस मिनिटं आधी पिवळ्या उजेडात प्रेक्षक आत. मोबाइलची सूचना आणि बाहेर पडायच्या दोन्ही वाटांची सूचना एकाच दमात, माणसानं उभं राहून द्यायची, रेकॉर्डिंग नको. उशिरा येणाऱ्यांचं काय करायचं हे दाराशी बसणाऱ्याला आधीच सांगा. पहिल्या दहा मिनिटांत बंद झालेलं दार किलकिलं करून कोणाचे तरी काका डोकावले, की दाराची वही पाण्यात गेली.

प्रयोग संपल्यावर दार कोण उघडणार, हेही लिहून ठेवा. बहुतेक प्रयोगांत कोणीच ठरवलेलं नसतं. टाळ्या संपतात, लोक अंधारात चुळबुळतात आणि कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावतं. आम्ही ते काम दाराशी बसलेल्या माणसाला देतो. शेवटच्या ब्लॅकआउटनंतर तो मनात दहा आकडे मोजतो, दोन्ही दारं उघडतो आणि मग पंखे लावतो. हॉलचे दिवे त्यानंतर.